गुडघ्याच्या कूर्चेतील खड्डा आणि ऊतिरोपण: आधी कारण, मग ग्राफ्ट

आपला प्रश्न असा आहे. वय 31. सहा महिन्यांपूर्वी बॅडमिंटन खेळताना पाय जमिनीवर रोवलेला असतानाच गुडघा पिळवटला. सूज काही आठवड्यांत उतरली, पण जिना उतरताना गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणे आणि दिवसभर चालल्यावर संध्याकाळी गुडघा भरून येणे अजून थांबलेले नाही. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या आतल्या काँडाइलवर, म्हणजे त्याच्या खालच्या टोकाच्या गोलसर उंचवट्यावर, साधारण 18 बाय 14 मिलिमीटरचा, पूर्ण जाडीचा कूर्चादोष दिसला आहे. एका शल्यचिकित्सकांनी मायक्रोफ्रॅक्चर, म्हणजे खड्ड्याच्या तळाच्या हाडाला बारीक भोके पाडणे, सुचवले, दुसऱ्यांनी ग्राफ्ट, म्हणजे खड्ड्यात बसवायची ऊती, घालू या असे सांगितले. हे ग्राफ्ट कुठून आणतात, ते किती वर्षे टिकते आणि आता काहीच केले नाही तर काय होईल, हे आपल्याला समजून घ्यायचे आहे.

आपल्या वयात, बाकीची कूर्चा चांगली असताना एकाच जागी पडलेल्या खड्ड्यासाठी ऊतिरोपण हा योग्य उपचार असू शकतो आणि त्यामागे काही दशकांचा अनुभव आहे. मात्र कोणते ग्राफ्ट घालायचे हा प्रश्न माझ्या लेखी दुसरा आहे. खड्डा नेमका त्याच जागी का पडला आणि तिथे आजही गरजेपेक्षा जास्त भार पडतो आहे का, हे आधी पाहायला हवे. त्याचे उत्तर न शोधता, कितीही हातखंडा शल्यचिकित्सकाने केले तरी, रोपण टिकण्याची खात्री देता येत नाही. आपण दोन्ही डॉक्टरांचे सल्ले तपशीलवार लिहिले आहेत, पण हा भार कुठे पडतो ते दाखवणाऱ्या, उभे राहून काढलेल्या पूर्ण पायाच्या एक्स-रेचा उल्लेख त्यांत कुठेही नाही. म्हणून हे आधीच सांगितले.

आपण ‘गादी’ हा शब्द वापरला आहे, त्याविषयी थोडे स्पष्ट करतो, कारण त्यावरून बराच गोंधळ होतो. गुडघ्यात दोन वेगवेगळ्या कूर्चा असतात. एक म्हणजे मेनिस्कस, मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या मधोमध बसणाऱ्या चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या. रुग्ण ‘गादी फाटली’ म्हणतात तेव्हा बहुधा हीच फाटलेली असते. दुसरी कूर्चा हाडांच्या टोकांवर घट्ट चिकटलेली, पांढरी, तुळतुळीत असते आणि तिला काचाभ किंवा हायलिन कूर्चा म्हणतात. गुडघ्यात तिची जाडी बहुतेक ठिकाणी 2 ते 4 मिलिमीटर असते, वाटीच्या मागे त्याहून जास्त. आपल्या अहवालातला दोष या दुसऱ्या कूर्चेत आहे. दोन्हींची दुरुस्ती पूर्णपणे वेगळी असते, आणि एकीबद्दल ऐकलेला अनुभव दुसरीला लावून चालत नाही.

ही कूर्चा स्वतःहून भरत नाही, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. तिच्या वजनाचा बराचसा भाग पाण्याचा असतो, ते पाणी टाइप 2 कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाच्या जाळीत आणि ॲग्रेकन नावाच्या मोठ्या रेणूंत धरून ठेवलेले असते, आणि पेशी अगदी विरळ, आपापल्या कप्प्यात बंदिस्त असतात. त्वचा कापली की रक्त येते, गुठळी होते आणि त्या गुठळीत दुरुस्तीच्या पेशी शिरतात. कूर्चेपुरतीच मर्यादित जखम झाली तर यातले काहीच घडत नाही, कारण तिथे रक्तच पोहोचत नाही. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच नोंदवले होते की एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. मज्जातंतू नसल्यामुळे कूर्चा स्वतः दुखतही नाही. दुखते ते खालचे हाड आणि सांध्याच्या आतले चिडलेले सायनोव्हियल अस्तर. एमआरआयमध्ये खड्ड्याखालच्या हाडात सूज, म्हणजे मज्जेतला ओलावा, दिसत असेल तर आपले दुखणे तिथूनच येत असण्याची शक्यता वाढते. अहवालात याविषयी काय लिहिले आहे ते जरूर पाहा.

खड्डा दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे लगेच धरून चालू नये. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत 31,516 आर्थ्रोस्कोपी (दुर्बिणीतून सांध्याच्या आत पाहणे) तपासण्यांचा आढावा घेतला होता आणि त्यांतल्या 63 टक्के गुडघ्यांत कूर्चेचा काही ना काही दोष आढळला होता. त्यातल्या कित्येकांचे दुखणे दुसऱ्याच कारणाचे असणार. म्हणून दुखण्याची जागा, बोटाने दाबल्यावर होणारी वेदना, सूज कधी येते आणि एमआरआयमधली जागा या सगळ्यांचा मेळ बसतो की नाही, हे तपासणारा डॉक्टर गाठा. आपल्या वर्णनावरून तो बसतो असे वाटते.

आता मायक्रोफ्रॅक्चरविषयी. खड्डा साफ करून त्याच्या तळाच्या हाडाला टोकदार हत्याराने 3-4 मिलिमीटरच्या अंतराने बारीक भोके पाडतात, त्यातून मज्जेतले रक्त वर येते, त्याची गुठळी होते आणि काही महिन्यांत तिथे नवी ऊती तयार होते. ब्रिस्टलच्या केनेथ प्रिडी यांनी 1959 मध्ये ड्रिलने भोके पाडण्याची पद्धत मांडली होती. अमेरिकेतील रिचर्ड स्टेडमन यांनी 1980 च्या दशकात मायक्रोफ्रॅक्चर रूढ केले. एकाच बैठकीत, दुर्बिणीतून होणारी ही सोपी आणि कमी खर्चाची शस्त्रक्रिया आहे. मात्र जी ऊती तयार होते ती बहुतांशी तंतुमय कूर्चा असते. तिच्यात टाइप 1 कोलॅजेन जास्त असते आणि सततचा दाब व घसट सोसण्याची तिची ताकद मूळ कूर्चेपेक्षा कमी असते. छोट्या खड्ड्यात आणि कमी मागणीच्या गुडघ्यात ती चालून जाते. मोठ्या खड्ड्यात पहिली दोन वर्षे बरी जातात आणि मग दुखणे परतते, असे चित्र वारंवार दिसते. त्यातच भोके पाडलेले हाड कधीकधी जाड होते, वर उंचावते किंवा त्यात पोकळ्या होतात. याचा त्रास पुढे पेशींचे रोपण (खाली सांगितलेला ग्राफ्टचा तिसरा प्रकार) करायची वेळ आली तर होतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आधी मज्जेला भोके पाडलेल्या गुडघ्यांत पेशीरोपण अपयशी होण्याचे प्रमाण 26 टक्के होते, तर तसे काही न केलेल्या गुडघ्यांत 8 टक्के. ‘आधी सोपे करून पाहू, नाही जमले तर मोठे करू’ हा विचार वरकरणी शहाणपणाचा वाटतो, पण या बाबतीत त्याची किंमत मोजावी लागू शकते. म्हणून 2 चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्ड्यात, तरुण आणि खेळणाऱ्या रुग्णाला मी मायक्रोफ्रॅक्चर सहसा सुचवत नाही.

ग्राफ्टचे मुख्य प्रकार तीन. पहिला, आपल्याच गुडघ्यातून घेतलेले हाड-कूर्चेचे दंडगोल. याला ओट्स किंवा मोझेकप्लास्टी म्हणतात. हंगेरीचे लास्लो हँगोडी यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत विकसित केली आणि जगभर पोहोचवली. गुडघ्याच्या वरच्या कडेला, जिथे कमी भार येतो अशा भागातून कूर्चा आणि तिच्याखालचे हाड मिळून एकसंध तुकडा काढतात आणि खड्ड्यात तेवढेच भोक पाडून तो ठोकून बसवतात.

हे सांगायला सोपे आहे, करायला तितके नाही. नळीच्या आकाराची, धारदार काठाची छिन्नी कूर्चेच्या पृष्ठभागावर अगदी काटकोनात धरावी लागते. गुडघा गोलाकार असल्यामुळे पाय किती वाकवला आहे त्यावर तो काटकोन ठरतो, आणि म्हणून मदतनीस पाय धरून असतो व शल्यचिकित्सक दोन बाजूंनी पाहून मगच हातोडी मारतो. छिन्नी सुमारे 15 मिलिमीटर आत गेली की ती फिरवून तुकडा मोडून काढतात. तो तिरका निघाला तर एका बाजूला कूर्चा उंच आणि दुसऱ्या बाजूला खोल बसते. खड्ड्यात बसवताना त्याची कूर्चा भोवतालच्या कूर्चेशी समपातळीत यायला हवी. अर्धा-एक मिलिमीटर खाली राहिलेले एक वेळ चालते, पण वर राहिलेले चालत नाही, कारण मग प्रत्येक पावलाला सगळा दाब त्या उंचवट्यावर येतो. तुकडा बसवताना जोरात ठोकले तर कूर्चेतल्या पेशी मरतात, म्हणून शेवटचे एक-दोन मिलिमीटर हळू, वारंवार टिचक्या मारत आत ढकलायचे असतात.

या पद्धतीचा मोठा लाभ असा की पहिल्या दिवसापासून खड्ड्यात खरी, जिवंत काचाभ कूर्चा असते, आणि जुळण्याचे काम हाडाला करायचे असते. हाड हाडाला सहा ते आठ आठवड्यांत धरते. कूर्चा मात्र शेजारच्या कूर्चेला कधीच पूर्णपणे जुळत नाही, त्यामुळे दंडगोलांच्या मधल्या फटी तंतुमय ऊतीने भरतात. लिथुआनियात 60 तरुण खेळाडूंवर झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत दहा वर्षांनी ओट्सचे अपयश 14 टक्के आणि मायक्रोफ्रॅक्चरचे 38 टक्के दिसले. खेळाकडे परतायला वेळही कमी लागतो.

याची मर्यादा मात्र लवकर लागते. चांगल्या जागेतून काढलेला प्रत्येक दंडगोल तिथे नवी जखम करतो. एक-दोन तुकडे काढले तर बहुतेकांना जाणवत नाही, पण चार-पाच काढले की वाटीच्या भागात दुखणे आणि करकर सुरू होऊ शकते. ब्रिटनमधील 100 रुग्णांच्या एका चाचणीत दहा वर्षांनी मोझेकप्लास्टीचे अपयश 55 टक्के, तर पेशीरोपणाचे 17 टक्के निघाले. तिथले खड्डे मोठे होते, सरासरी चार चौरस सेंटीमीटरहून अधिक. एवढ्या मोठ्या जागेत दंडगोलांची फरशी बसवू नये, एवढाच बोध मी त्यातून घेतो. पद्धत मुळातच वाईट आहे असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसरा प्रकार दात्याच्या ऊतीचा, म्हणजे ॲलोग्राफ्ट. मृत दात्याच्या गुडघ्याचा तोच भाग, हाडासह, आपल्या मापाचा तुकडा कापून बसवतात. जर्मन शल्यचिकित्सक एरिश लेक्सर यांनी 1908 मध्येच अख्खे सांधे रोपण करून पाहिले होते, आणि 1970 च्या दशकात टोरोंटोमध्ये ॲलन ग्रॉस यांच्या गटाने ताज्या ग्राफ्टची पद्धतशीर सुरुवात केली. इथे ‘ताजे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गोठवले तर हाड टिकते, पण कूर्चेतल्या पेशी मरतात. म्हणून ऊती सुमारे 4 अंश सेल्सियसला पोषक द्रवात ठेवतात, जंतुसंसर्गाच्या चाचण्या पूर्ण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतर, दान झाल्यापासून 28 दिवसांच्या आत, ती बसवायची असते. म्हणजे ग्राफ्ट उपलब्ध झाल्याचा निरोप आला की रुग्ण आणि शल्यचिकित्सक दोघांनाही थोड्याच दिवसांत तयार व्हावे लागते.

‘दुसऱ्याचा अवयव’ म्हटले की शरीर तो नाकारेल का, अशी भीती वाटणे साहजिक आहे. कूर्चेतल्या पेशी आपल्या घट्ट आवरणात लपलेल्या असल्यामुळे रोगप्रतिकारक यंत्रणा त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. म्हणून मूत्रपिंड रोपणासारखी ऊतींची जुळवाजुळव करावी लागत नाही आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही घ्यावी लागत नाहीत. जुळवायचे ते माप आणि गोलाई. त्रास होऊ शकतो तो हाडातल्या मज्जेचा, म्हणून ग्राफ्टचे हाड मुद्दाम पातळ ठेवतात, एकूण जाडी साधारण 6 ते 8 मिलिमीटर, आणि बसवण्यापूर्वी दाबाच्या सॅलाइनच्या फवाऱ्याने त्यातली मज्जा धुऊन काढतात. गोल भोकात बसणारा तुकडा चुकीच्या दिशेने फिरू नये म्हणून खड्ड्याच्या आणि ग्राफ्टच्या ‘बारा वाजता’च्या जागी शाईने खूण करतात, आणि भोकाची खोली चार दिशांना मोजून त्याप्रमाणे ग्राफ्टचे हाड कातरतात. हे मोजमाप जितक्या शांतपणे केले जाते तितके ग्राफ्ट नेटके बसते.

मोठ्या खड्ड्यांसाठी, विशेषतः खालचे हाडही गेलेले असेल तेव्हा, मला हा सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर दहा वर्षांनी दहापैकी जवळजवळ आठ ग्राफ्ट कामात असतात, आणि वीस वर्षांनीही अर्ध्याहून अधिक. अडचण आहे ती मिळण्याची. ताज्या ऊतीची पेढी आणि योग्य मापाचा तरुण दाता दोन्ही लागतात, आणि बऱ्याच देशांत ही सोय तुटपुंजी आहे. रक्तातून पसरणाऱ्या संसर्गाचा धोका चाचण्यांमुळे खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी आपल्याला स्पष्ट सांगितले जायला हवे.

तिसरा प्रकार पेशींचा. स्वीडनमधील गोथेनबर्ग इथे लार्स पीटरसन, माट्स ब्रिट्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत घालण्याची पद्धत वापरली आणि 1994 मध्ये 23 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज तिचे सुधारित रूप वापरले जाते. आधी दुर्बिणीतून गुडघ्याच्या मधल्या खाचेतून तांदळाच्या दाण्याएवढे काही कण, 200 ते 300 मिलिग्रॅम कूर्चा, घेतात. त्यातल्या पेशी काही आठवडे वाढवून कोलॅजेनच्या पडद्यावर पेरतात. दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्डा साफ करून त्याच्या कडा सरळ उभ्या करतात, तळाचा कॅल्शियमयुक्त थर खरवडतात पण हाडातून रक्त येऊ देत नाहीत, खड्ड्याचा साचा घेऊन त्या मापाचा पडदा कापतात आणि फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या गोंदाने चिकटवतात. अमेरिकेत ‘मॅसी’ या नावाने याला डिसेंबर 2016 मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या चाचणीत 3 चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे खड्डे असलेले 144 रुग्ण होते आणि दोन वर्षांनी वेदना व हालचाल या दोन्हींत मॅसी मायक्रोफ्रॅक्चरपेक्षा सरस ठरले. उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही 2017 मध्ये, 2 चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठा खड्डा, आधी दुरुस्तीची शस्त्रक्रिया न झालेला गुडघा आणि संधिवाताची झीज अत्यल्प, अशा अटींवर पेशीरोपणाची शिफारस केली. मॅसीचा पडदा डुकराच्या कोलॅजेनपासून बनतो आणि प्रक्रियेत जेंटामायसिन हे प्रतिजैविक वापरतात. या गोष्टींची तीव्र ॲलर्जी असेल तर ते वापरता येत नाही. ज्यांना प्राणिजन्य पदार्थाबद्दल श्रद्धेच्या कारणाने हरकत असेल त्यांनीही आधीच विचारून घ्यावे.

या यशाच्या आकड्यांबरोबर दुसरी बाजूही ठेवायला हवी. नॉर्वेत 80 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मूळ पद्धतीचे पेशीरोपण आणि मायक्रोफ्रॅक्चर यांची 15 वर्षे तुलना केली गेली. पेशीरोपणाच्या 40 पैकी 17 आणि मायक्रोफ्रॅक्चरच्या 40 पैकी 13 शस्त्रक्रिया अपयशी ठरल्या. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. दोन्ही गटांतल्या जवळजवळ निम्म्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची झीज दिसू लागली होती. ती जुन्या तंत्राची चाचणी होती हे खरे, पण ग्राफ्ट घातले म्हणजे पुढच्या झिजेपासून कायमची सुटका झाली, असे कुणी सांगत असेल तर तो दावा उपलब्ध पुराव्यापेक्षा मोठा आहे. दुखणे कमी करणे, गुडघ्याला काम करू देणे आणि कृत्रिम सांध्याची वेळ लांबवणे, इतके आपण आज प्रामाणिकपणे सांगू शकतो.

बारीक चिरलेली कूर्चा, रुग्णाचीच किंवा दात्याची, एकाच बैठकीत गोंदाने बसवण्याच्या पद्धतीही आहेत. त्यांचे सुरुवातीचे निष्कर्ष आश्वासक आहेत, दीर्घकालीन तुलना अजून कमी आहेत. इंजेक्शनने ‘स्टेम सेल’ देऊन कूर्चा पुन्हा उगवते, अशा जाहिराती आपण पाहिल्याच असतील. पूर्ण जाडीचा खड्डा इंजेक्शनने भरून येतो याचा विश्वासार्ह पुरावा नाही. प्लेटलेटयुक्त द्रवाच्या इंजेक्शनाने काहींचे दुखणे काही महिने कमी होते. खड्डा मात्र तसाच राहतो.

आता आपल्या गुडघ्याकडे वळतो. अहवालातले माप 18 बाय 14, म्हणजे सुमारे अडीच चौरस सेंटीमीटर. पण एमआरआय खड्डा कमी दाखवतो. दुर्बिणीतून बोथट आकडी फिरवली की अहवालात ‘निरोगी’ दिसणाऱ्या कडा मऊ लागतात, त्यांच्याखाली आकडी सरकते, कूर्चा हाडापासून सुटलेली आढळते. ती सगळी काढून घट्ट कडा मिळेपर्यंत जायचे असते. 18 बाय 14 चा खड्डा साफ केल्यावर 22 बाय 17 झाला तर तो पावणेचार चौरस सेंटीमीटर भरतो, आणि तेवढ्याने निवड बदलते. दीड-दोन चौरस सेंटीमीटरच्या आसपास राहिला तर ओट्स उत्तम. तीन-चारवर गेला आणि खालचे हाड शाबूत असेल तर पेशीरोपण. हाडात पोकळी असेल किंवा हाड खोलवर गेले असेल तर दात्याचे ग्राफ्ट. म्हणून कोणते ग्राफ्ट हे शस्त्रक्रियेच्या आधीच ठामपणे ठरवणाऱ्यापेक्षा, आधी दुर्बिणीतून नीट मोजून, गरज वाटल्यास त्याच वेळी पेशींसाठी कण घेऊन ठेवणाऱ्या शल्यचिकित्सकावर माझा जास्त विश्वास बसतो.

आता मुख्य मुद्दा, कारणाचा. दोन्ही पायांवर समान वजन देऊन, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढून घ्या. खुब्याच्या गोलाच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली की ती गुडघ्याच्या मधोमध किंवा किंचित आतून जायला हवी. आपला खड्डा आतल्या बाजूला आहे. रेघ बरीच आतून जात असेल, म्हणजे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील, तर प्रत्येक पावलाला शरीराचा भार त्या खड्ड्यावरच पडतो आहे. काही अंशांपेक्षा जास्त वाक असेल तर ग्राफ्टबरोबरच नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, पाचर उघडून, रेघ बाहेर सरकवावी लागते. याला हाय टिबियल ऑस्टिओटॉमी म्हणतात. रुग्णांना ही शस्त्रक्रिया ग्राफ्टपेक्षा मोठी वाटते आणि ते दचकतात. माझ्या अनुभवात मात्र वाकलेल्या पायात तीच निर्णायक ठरते, आणि कित्येकदा दुखणे कमी होण्याचे बरेचसे श्रेय तिचे असते.

मेनिस्कस आणि लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारे बंध) यांचेही तसेच. आतल्या मेनिस्कसचा मोठा भाग आधी काढला गेला असेल तर भार लहान जागेवर एकवटतो. ब्रिटिश शल्यचिकित्सक फेअरबँक यांनी 1948 मध्येच मेनिस्कस काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमधले बदल दाखवले होते. फाटलेला असेल आणि शिवण्याजोगा असेल तर तो शिवायचा. उरलाच नसेल तर दात्याच्या मेनिस्कसचे रोपण 1984 पासून होत आले आहे आणि निवडक तरुण रुग्णांत ते कूर्चेच्या ग्राफ्टबरोबर करतात. एसीएल हे गुडघ्याच्या आतले लिगामेंट सैल असेल तर गुडघा घसरत राहतो आणि नवी कूर्चा कातरली जाते, म्हणून तेही त्याच वेळी किंवा आधी दुरुस्त करायला हवे. आपल्या अहवालात दोन्ही शाबूत लिहिले आहे, ही चांगली गोष्ट आहे. समोरासमोरच्या दोन्ही हाडांवर खड्डे असतील, सांध्यातली जागा कमी झाली असेल किंवा आमवातासारखा दाहक संधिवात असेल तर मात्र मी रोपण करत नाही, कारण अशा सांध्यात नवी कूर्चा तग धरत नाही. धूम्रपान ग्राफ्ट धरण्यात अडथळा आणते. करत असाल तर शस्त्रक्रियेच्या तारखेआधीच बंद करा. वजन बरेच जास्त असेल तर ते आधी उतरवणे हा उपचाराचाच भाग समजावा.

शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांविषयी आपण काहीच विचारले नाही, पण रुग्णांची सर्वांत जास्त कसोटी तिथे लागते. काँडाइलवरच्या ग्राफ्टला पहिले सहा आठवडे पाय जमिनीला नुसता टेकवून, दोन कुबड्यांवर चालावे लागते. मग हळूहळू वजन वाढवत दोन-तीन महिन्यांत कुबड्या सुटतात. गुडघा वाकवणे-सरळ करणे मात्र पहिल्या दिवसांतच सुरू करायचे, हाताने किंवा यंत्राने. टोरोंटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी 1980 मध्ये सशांवरील प्रयोगांतून दाखवले की सततच्या सौम्य हालचालीने कूर्चा जास्त चांगली भरते. माणसांतला पुरावा तितका भक्कम नाही, तरी ताठरपणा टाळायला हालचाल लागतेच. खड्डा वाटीच्या मागे असता तर सूचना उलट झाल्या असत्या: पाय सरळ ठेवून वजन देता आले असते, पण वाकवण्यावर बंधन आले असते. म्हणून दुसऱ्या रुग्णाचा व्यायामतक्ता आपल्या गुडघ्याला लावू नका.

मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत आणणे हे सर्वांत कष्टाचे काम. फिजिओथेरपिस्टकडे नियमित जाणे जमणार नसेल, किंवा कामावर तीन महिने उभे राहावेच लागणार असेल, तर शस्त्रक्रियेची वेळ त्यानुसार ठरवा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी गुडघा फुगला तर आदल्या दिवसाचा भार जास्त झाला, असे समजून एक पायरी खाली यायचे. ओट्सनंतर साधारण सहा महिन्यांनी, पेशीरोपणानंतर मात्र वर्षभराने खेळाचा विचार करतात, कारण पेशींपासून तयार झालेली ऊती घट्ट व्हायला एक ते दोन वर्षे लागतात. दुखणे थांबले म्हणजे ती तयार झाली असे नसते. आठव्या महिन्यात ‘काहीच दुखत नाही’ म्हणून कोर्टवर उतरू नका. बॅडमिंटनमध्ये एका पायावर पडून वळण्याचा जो झटका असतो, तो नव्या ग्राफ्टला सोसायला सगळ्यात कठीण.

आता काहीच न केल्यास काय? उद्याच गुडघा निकामी होईल असे नाही. अशा एकाकी खड्ड्यांपैकी काही वर्षानुवर्षे शांत राहतात, काही हळूहळू रुंदावतात, आणि कोणता कोणत्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तीन महिने नेटाने मांडीचे आणि खुब्याचे स्नायू मजबूत करणे, उड्या आणि धावणे बंद ठेवून सायकल किंवा पोहणे सुरू करणे, आणि मग पुन्हा तपासणी, हा मार्ग आपल्यासाठी खुला आहे आणि त्यात मला गैर काही दिसत नाही. दुखणे कमी झाले आणि सूज थांबली तर शस्त्रक्रिया लांबवता येते. मात्र वर्षानुवर्षे सूज अंगावर काढत राहणे हिताचे नाही, कारण मग समोरच्या हाडाची कूर्चाही खराब होऊ लागते आणि रोपणाची संधी निघून जाते.

एका परिस्थितीत वाट पाहू नका. गुडघा अचानक अडकला, पूर्ण सरळ होईनासा झाला किंवा आत काही तरंगते आहे असे बोटांना लागले, तर कूर्चेचा किंवा हाडासह कूर्चेचा तुकडा सुटलेला असू शकतो. तुकडा ताजा असेल आणि त्याला हाड चिकटलेले असेल तर तो काही आठवड्यांच्या आत पुन्हा त्याच जागी स्क्रूने किंवा विरघळणाऱ्या खिळ्यांनी बसवता येतो, आणि आपली स्वतःची, त्याच आकाराची कूर्चा कोणत्याही ग्राफ्टपेक्षा सरस असते. अशा वेळी जवळच्या अस्थिशल्यचिकित्सकाकडे त्याच आठवड्यात जा, एमआरआयची जुनी सीडी बरोबर न्या, आणि तोवर त्या पायावर वजन देऊ नका.